सासूबाईंचं इन्सुलिन, ओट्याआडचं जेवण आणि यांचा राग

वसमत तालुक्यातून आलेलं पत्र. नाव-गाव न छापण्याच्या विनंतीसह, थोडं आखडून देत आहे.

'आपा, अस्सलामु अलैकुम. रमजान तोंडावर आलाय आणि मला आत्तापासून धडधडतंय. घरात सासूबाई, आम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि चार महिन्यांची मुलगी. सासूबाई 64 वर्षांच्या. त्यांना बारा वर्षांपासून शुगर आहे, दोन वेळा इन्सुलिन घेतात. गेल्या रमजानात अकराव्या रोजाला असरनंतर (दुपार उतरल्यावरच्या नमाजनंतर) त्यांना दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. मशीनवर साखर 52 आली. मी साखरेचं पाणी आणलं तर त्यांनी दात आवळून घेतले, "मगरिबकू (सूर्यास्ताला) एक घंटा हय, तोडू नको." शेजारच्या दादांनी कसंबसं पाजलं. यंदाही पुरे तीस धरणार म्हणतात. "रोजा सोडला तर अल्लाहला काय तोंड दाखवू," असं विचारतात.

मी बाळाला अंगावर पाजते. मागच्या रमजानात दिवस गेले होते, उलट्यांमुळे 18 रोजे राहिले, ते अजून बाकी. यंदाचेही धरवणार नाहीत असं वाटतं. पण गल्लीतल्या बाया विचारतात, "रोजा हय ना?" मी हो म्हणते आणि दुपारी दार लोटून ओट्याआड उभ्यानं चार घास खाते. एका जाणतीनं सांगितलं, पैसे दे, फिटून जातील.

हे हळदीच्या कुकरवर कामाला आहेत. तंबाखूची सवय आहे. रमजानात दुपारनंतर यांच्याशी कुणी बोलायची सोय नाही. सासूबाई म्हणतात, "रोजा लगा हय उसकू." मुलाला पूर्ण रोजा धरून हार घातलेला फोटो पेपरात पाहिजे. एक शेजारीण म्हणते ब्रश केला की रोजा तुटतो, दुसरी म्हणते रक्त तपासलं की तुटतो. दीर संभाजीनगरला असतात, ते तिकडचं टाइमटेबल मोबाइलवर पाठवतात, आम्ही तेच लावतो. आपा, नीट रोजा म्हणजे नेमका कसा?'

वालेकुम सलाम, बेटी.

तू एवढं सगळं विचारलंस, पण मला त्याखाली एकच समज दिसतो: जितका जीव जास्त जाळला तितका रोजा खरा. हा समज गल्लीत पक्का आहे, कुरआनात मात्र तो नाही. रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले ते हिजरी सन 2 मध्ये. तो हुकूम सूरह बकराच्या 183 व्या आयतीत आहे, आणि लगेच पुढच्या दोन आयतींत आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट आहे: राहिलेले दिवस पुढे दुसऱ्या दिवसांत भरून काढा. तिथंच म्हटलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं हवं आहे, अवघड नको. हुकूम देणारानंच सूट दिली, तीही त्याच दमात. मग सूट घेतली म्हणून तोंड लपवायचं कारण काय?

हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांच्याच घरी रमजान नसतो, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. पहाटेचा पहिला उजेड फुटण्याआधी सहेरी उरकायची, तिथून सूर्य मावळेपर्यंत खाणं, पिणं आणि पती-पत्नीचा संबंध वर्ज्य, मावळतीला इफ्तार. पाण्याचा थेंबही चालत नाही. वयात आलेल्या, भानावर असलेल्या, धडधाकट आणि आपल्या गावी असलेल्या प्रत्येक मुसलमानावर हे बंधनकारक आहे. धडधाकट आणि गावी, या दोन शब्दांतच पुढचं बरंच उत्तर आलं.

आता सासूबाई. बेटी, साखर 52 ही गंमत नव्हे. मधुमेह आणि रमजान यांवर डॉक्टरांचे जे जागतिक निर्देश आहेत, त्यांत स्पष्ट सांगितलंय: साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर चढली तर रोजा त्या क्षणी सोडायचा. मगरिबला तास आहे की पाच मिनिटं, हे बघायचं नाही. घाम, थरथर, तोंडातल्या तोंडात अडखळणारे शब्द म्हणजे मेंदूला साखर पुरत नाही आहे. त्यापुढची पायरी बेशुद्धीची, आणि दात आवळून बसलेल्या माणसाला तेव्हा पाणीही पाजता येत नाही, ते श्वासनलिकेत जातं. सासूबाईंनी त्या दिवशी अल्लाहसाठी दात आवळले असं त्यांना वाटतं. शरियतचं म्हणणं उलट आहे. जिवाला धोका असताना रोजा सोडण्याचा गुन्हा नाही, नुसता कजा करायचा, म्हणजे नंतर एक रोजा भरून द्यायचा. आणि जीव जाईल हे दिसत असूनही न सोडणं हेच पाप.

इन्सुलिन चालू आणि आधी साखर इतकी खाली गेलेली, असा पेशंट डॉक्टरांच्या हिशेबात जास्त धोक्याच्या गटात येतो, आणि त्या गटाला रोजा धरू नका असंच सांगितलं जातं. तपासणी खरं तर रमजानच्या 6 ते 8 आठवडे आधी व्हायला हवी. ती वेळ गेली असली तरी या आठवड्यात त्यांना घेऊन जा. किडनीची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. नुसत्या गोळ्यांवर असलेल्या कित्येकांना डॉक्टर डोसची वेळ बदलून रोजा धरू देतात, त्यामुळे सासूबाई शेजारच्या चाचांचं उदाहरण देतील. चाचांचं औषध वेगळं, सासूबाईंचं वेगळं. आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना बजावून ठेव: सहेरीचं इन्सुलिन आपल्या मनानं अर्धं करायचं नाही, बंदही करायचं नाही. रमजानात दवाखान्यात भरती होणाऱ्यांतले कितीतरी असल्या घरगुती डॉक्टरकीचे असतात.

पण हे त्यांना तू सांगू नकोस. सुनेनं रोजा धरू दिला नाही ही गोष्ट वसमतपासून परभणीपर्यंत जाईल. डॉक्टरांचा कागद घे, तो घेऊन नवऱ्याला मशिदीत पेशइमामांकडे जाऊ दे, आणि जमलं तर मौलाना घरी येऊन सासूबाईंशी बोलू देत. सासूबाईंना भाऊ असेल तर तो समोर असावा. मौलानांनी त्यांना एक किस्सा सांगितला तर बरं होईल. प्रवासात एकदा हुजूर पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना गर्दी दिसली. मधोमध एक माणूस गलितगात्र पडलेला, लोक त्याच्यावर सावली धरून उभे. काय झालं विचारलं तर कळलं, रोजादार आहे. हुजूर म्हणाले, प्रवासात असा रोजा धरणं ही काही नेकी नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, आहे. 'काय तोंड दाखवू' याचं इतकं थेट उत्तर माझ्यापाशी दुसरं नाही.

बरं होण्याची आशा नसलेल्या आजारात रोजाच्या बदली फिदया असतो: एका रोजामागे एका गरजवंताला दोन वेळचं पोटभर जेवण, किंवा फितऱ्याएवढं (ईदआधी द्यायच्या दानाएवढं) धान्य, म्हणजे साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत. दरवर्षी मशिदीत फितऱ्याचा दर जाहीर होतो, तोच धरायचा आणि तीसनं गुणायचं. चंद्र 29 ला दिसला तर 29 नं. पैसे सासूबाईंचे स्वतःचे असावेत, त्यांच्या हातानं जावेत. मुलाला किंवा नातवाला देऊन चालत नाही. पुढे कधी तब्येत खरोखर सुधारली आणि रोजा झेपू लागला तर मात्र ते रोजे धरावे लागतात.

खरी अडचण मला दुसरीच दिसते. पन्नास वर्षं रमजान ज्यांच्या भोवती फिरला, त्या बाईला अचानक पाहुणी करून बसवलं तर ती रोजा चोरून धरेल. त्यांना काम दे. सहेरीला सगळ्यांसोबत उठू दे, त्यांच्या वेळेचा त्यांचा नाश्ता नंतर. फळं चिरणं, मशिदीत जाणारं इफ्तारीचं ताट भरणं, तिलावत (कुरआन वाचणं), खुर्चीवर बसून तरावीह (रमजानातली रात्रीची नमाज), हे सगळं त्यांचंच. रोजादाराला इफ्तार देणाऱ्याला रोजादाराएवढाच सवाब, म्हणजे पुण्य, मिळतो, आणि रोजादाराचा त्यातून काही कमी होत नाही, असं हदीसमध्ये आलंय. त्यांना ते माहीत असेल. तू फक्त आठवण कर.

आता ओट्याआड उभ्यानं खाणारी तू.

चार महिन्यांचं बाळ, पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये असा सगळ्याच डॉक्टरांचा सांगावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईवरचा रोजा अल्लाहनं उतरवला आहे, अशी हदीस अबू दाऊद आणि तिरमिजीत आहे. तुला किंवा बाळाला त्रास होईल अशी रास्त भीती असेल, म्हणजे दूध आटतंय, चक्कर येतेय, बाळ भुकेनं रडतंय, तर तू रोजा पुढे ढकलू शकतेस. धरणाऱ्याही असतात, काहींना झेपतो, वरचं खाणाऱ्या मोठ्या बाळाच्या आईला जास्त सोपं जातं. तुझं अंग तुला कळतं.

फक्त ते पैशांनी फिटत नाही. जाणत्या बाईंनी सांगितलं ते चूक आहे. फिदया ज्यांना पुढेही कधी धरता येणार नाही त्यांच्यासाठी. तुला पुढे धरता येणार आहे, म्हणून तुझ्यावर कजा. मराठवाड्यात बहुतेक घरं इस्लामी कायद्याच्या हनफी परंपरेची, आणि हनफी मतानं तुझ्यावर नुसता कजा आहे, मागचे 18 या रमजानच्या आत झाले नाहीत म्हणून वेगळा दंड नाही. शाफई घर असेल तर हिशेब थोडा वेगळा, मौलानांना विचार. एक वही कर. 18 लिही, त्याखाली यंदाचे. सलग धरायची सक्ती नाही. बाळ वरचं खाऊ लागलं की पुढच्या नोव्हेंबर-डिसेंबरात सोमवार-गुरुवार असे धर. आपल्याकडे थंडीत रोजा सव्वाबारा तासांचा होतो, ऐन जूनमध्ये साडेचौदा. तहानही लागत नाही. पाळीच्या दिवसांचे रोजेही त्याच वहीत, कारण ते भरायचे असतात. नमाजा मात्र माफ. मगरिबला दहा मिनिटं उरली असताना पाळी आली तरी तो दिवस कजात गेला, आणि त्यात तुझा काही दोष नाही. किती तरी बायकांचा हा हिशेब वर्षानुवर्षं डोक्यातच राहतो आणि साठीत येऊन रडतात.

राहिली गल्ली. 'रोजा हय ना' या प्रश्नाला तू हो म्हणतेस ते खोटं बोलणं झालं, आणि रमजानात रोजा न धरण्यापेक्षा ते मला जास्त खटकतं. तुला सूट आहे, खोटं बोलायची सूट नाही. 'बाळ अंगावर आहे' एवढं बोल, पुढे कुणी विचारत नाही. विचारलंच तर विचारणारीची शोभा होते. रोजादारांसमोर रस्त्यात खाऊ नये हा अदब ठीक. पण आपल्याच घरात दाराआड, उभ्यानं, घाबरून? सासूबाईंना सांग, 'अम्मी, मी बाळासाठी जेवतेय,' आणि बसून जेव. त्या स्वतःच आता दुपारी जेवणार असतील, तर बेटी, दोघी एकाच ताटाला बसा.

आणखी एक किस्सा आहे, तो खास तुझ्यासारख्यांसाठी. उन्हाळ्यातल्या एका प्रवासात काहींनी रोजा धरला होता, काहींनी नव्हता. मुक्कामाला पोचताच रोजादार जागच्या जागी कोसळले. रोजा नसलेल्यांनी तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजलं. हुजूर म्हणाले, आज रोजा नसलेलेच सगळा सवाब घेऊन गेले. पहाटे साडेतीनला उठून भाकऱ्या थापणारी, इफ्तारीची भजी तळणारी, रात्री भांडी घासणारी आणि मध्ये मध्ये बाळाला पाजणारी बाई त्या गटातली नाही असं कोण म्हणेल?

हळदीच्या कुकरवर राबणारा तुझा नवरा. वसमतची हळद नावाजलेली, पण ती शिजवणाऱ्याच्या अंगाची काय लाही होते ते मी पाहिलेलं आहे. हळद काढणीला आली की रमजान, असं अजून काही वर्षं चालेल, कारण रमजान दरवर्षी 10-11 दिवसांनी अलीकडे सरकतो. 2018 साली तो मेच्या मध्यावर लागला होता, तेव्हा मराठवाड्यातल्या मजुरांनी 42 अंशांत रोजे काढले. त्या मानानं आत्ताचे तेरा तास बरे. काम जड आहे म्हणून आधीपासूनच रोजा नाही, असं करता येत नाही. नीयत करून रोजा धरायचा. मालकाशी बोलून पहाटेच्या फजरनंतर लगेच कामाला लागून दुपारी हात धुता आले तर पाहावं, किंवा रात्रपाळी. हंगामात कुकर रात्रीही चालू असतात. भोवळ येऊ लागली, लघवीच थांबली, जिवावर बेतलं, तर सोडावा आणि कजा करावा. प्रवासाची सूटही सांगून ठेवते, कारण तिचा फार गैरफायदा घेतला जातो. ती साधारण 78 किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला आहे. वसमतहून नांदेडला माल पोचवायला गेलं तर मिळत नाही.

पण दुपारनंतरचा राग हा उपाशी पोटाचा कमी आणि तंबाखूचा जास्त आहे, हे तुलाही ठाऊक आहे. दिवसभर पुडी सोडणारा माणूस चवथ्या-पाचव्या तासाला चिडचिडा होतोच. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि तो कुठल्या टपरीवर मिळतो हे तुमच्या आठ वर्षांच्या पोरालाही माहीत असेल, ते सोडा. सहेरीनंतर गालात विडा धरून झोपणारे मी ऐकून आहे. उजाडल्यावर तो रस गिळला की रोजा गेला. सहेरीला शेवटी चूळ भरून तोंड साफ करायचं. मगरिबला पहिला हात खजुराकडे जाऊ दे, चुन्याच्या डबीकडे नाही. जो माणूस तेरा तास राहू शकतो तो सुटण्याच्या अर्ध्या वाटेवर आहे. सोडायची तयारी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर आहे, तिथं समजावून सांगतात.

'रोजा लगा हय उसकू' हे मात्र घरातून हद्दपार करा. खोटं बोलणं आणि खोटं वागणं ज्यानं सोडलं नाही, त्यानं अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, असं बुखारीत आलंय. कुणी भांडायला आलंच तर म्हणावं, 'मी रोजादार आहे.' काही आलिम सांगतात, हे समोरच्याला सांगायचं तसं स्वतःच्या मनालाही सांगायचं. तुमच्या घरी ते वाक्य बायकोवर ओरडण्याचा परवाना झालंय. रागावल्यानं रोजा तुटत नाही, कजा लागत नाही, हेही खरं. आतून पोकळ निघालेल्या शेंगेसारखा तो राहतो फक्त. हे सासूबाईंनी मुलाला सांगावं. आईचं ऐकतो ना?

तुटतो कशानं, कशानं नाही, ते भराभर सांगते. विसरून खाल्लं-प्यायलं तर तुटत नाही. आठवल्याबरोबर थांबायचं आणि रोजा पुरा करायचा, कारण ते अल्लाहनंच खाऊ घातलं अशी हदीस आहे. बोटाला टोचून साखर तपासणं, रक्त देणं, रक्त तपासायला देणं, यांनी तुटत नाही. आपल्याकडचे बहुतेक मुफ्ती इंजेक्शननंही तुटत नाही असं सांगतात, त्यात इन्सुलिन आलं. आपली थुंकी गिळणं, अंघोळ, सुरमा, अत्तर, डोळ्यांतले थेंब, आपोआप झालेली उलटी, काही नाही. दिवसभर थुंकत बसणारी माणसं पाहिली की मला हसू येतं आणि मशिदीबाहेरच्या पायऱ्यांची कीवही. मिसवाक (दातणाची काडी) चालतो. पेस्ट लावून ब्रश करणं मकरूह, म्हणजे नापसंत, आणि फेस घशात गेला तर रोजा जातो. तेव्हा ब्रश सहेरीच्या वेळीच उरक. नाकातले थेंब आणि दम्याचा पंप यांनी तुटतो असं हनफी मुफ्ती सांगतात. दमा असलेल्यानं मौलाना आणि डॉक्टर दोघांना आधी विचारावं. मुद्दाम तोंड भरून उलटी काढली तर तुटतो. हळदीच्या पॉलिशची धूळ नकळत नाका-तोंडात गेली तर तुटत नाही. लोबान जवळ घेऊन धूर मुद्दाम ओढला तर तुटतो.

जाणूनबुजून, कारण नसताना रोजा धरून खाऊन-पिऊन मोडला, तर हनफी मतानं कफ्फारा लागतो: सलग साठ रोजे, आणि ते खरंच झेपत नसतील तर साठ गरिबांना दोन वेळचं जेवण. टपरीवरच्या एका पुडीची किंमत यांना सांगून ठेव.

आणि हे तुझ्यासाठी. रोजा असताना भाजीचं मीठ जिभेच्या टोकावर चाखून थुंकून टाकणं एरवी मकरूह आहे, पण नवरा तापट असेल तर बायकोला मुभा, असं हनफी फिकहच्या जुन्या ग्रंथांत चक्क लिहून ठेवलंय. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या काजीसाहेबांच्या घरचा स्वयंपाक कसा असेल, मला नेहमी कुतूहल वाटतं.

खाण्यापिण्याबद्दल तू विचारलं नाहीस, तुला ते माझ्याहून चांगलं येतं. एवढंच, सहेरीला खिचडी-खट्ट्यापेक्षा ज्वारीची भाकरी, दही, अंडं यांवर माणूस जास्त वेळ तग धरतो, आणि चहाच्या दोन कपांनी दुपारची तहान वाढते. हळदीवर जाणाऱ्यानं इफ्तार ते सहेरी थोडं थोडं करून भरपूर पाणी प्यावं. सहेरीला एकदम तांब्या रिकामा केला तर तासाभरात निघून जातो.

तुझ्या मुलाचा फोटो. वयात येईपर्यंत मुलावर रोजा फर्ज नाही. सवय लावणं वेगळं. सहाबांच्या, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांच्या, घरच्या बायका मुलांना आशुराचा रोजा धरायला लावायच्या आणि भुकेनं रडलं तर लोकरीचं खेळणं हातात द्यायच्या, असं हदीसमध्ये आहे. खेळणं द्यायच्या, हार घालून कॅमेऱ्यासमोर उभं नाही करायच्या. सहा-सहा वर्षांच्या चिमुकल्यांचे सुकलेल्या ओठांचे फोटो दरवर्षी पेपरात येतात, खाली 'पहिला रोजा' आणि अभिनंदन करणाऱ्यांची यादी. मला ते बघवत नाहीत. पोराला सहेरीला उठव, त्याला त्याची भारी हौस असते. दुपारी जोहरपर्यंत रोजा, मग जेवण. एखाद्या सुट्टीच्या शुक्रवारी, ऊन कमी असेल आणि त्याचीच इच्छा असेल, तर पूर्ण धरू दे, पण मध्येच पाणी मागितलं तर 'आता थोडंच राहिलं' म्हणून अडवायचं नाही. मागच्या वर्षी त्यानं आजीला तसं करताना पाहिलंय. संध्याकाळी दोन नातेवाईक बोलवा, त्याच्या आवडीचं काही करा, पेपरवाल्याला कळवू नका.

शेवटी टाइमटेबल, आणि हे सगळ्यात आधी दुरुस्त कर. संभाजीनगर तुमच्या पश्चिमेला आहे. वसमतला सूर्य तिथल्यापेक्षा सुमारे 7 मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. इफ्तार तिकडच्या वेळेनं केलात तर 7 मिनिटं उशीर होतो, रोजाला धक्का नाही, फक्त इफ्तारीत घाई करण्याची सुन्नत (पैगंबरांचा रिवाज) हुकते. सहेरीत मात्र उलटं होतं. तिकडे सहेरी संपण्याची वेळ होते तेव्हा वसमतला पहाट फुटून गेलेली असू शकते. कागदांवर सावधगिरीची काही मिनिटं राखलेली असतात, पण सगळ्यांवर सारखी नाही, आणि त्यावर भरवसा ठेवून शेवटचा घास घेणं बरं नाही. वसमतच्या जामा मशिदीतून कागद आण. तो नाही मिळाला तर नांदेडचा लाव, तिथला फरक मिनिटाभराचाही नाही. अजान संपेपर्यंत खाता येतं हाही गैरसमज. अजान पहाट झाल्यावरच होते.

मागच्या वर्षी संभाजीनगरच्या कागदानं अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत कोण खात होतं ते आठवून पाहा आणि दोन्ही कागद घेऊन यांना मौलानांकडे पाठव. रात्र आहे असं समजून पहाटेनंतर खाल्लं गेलं असेल तर हनफी मतानं त्या दिवसांचा कजा निघतो, कफ्फारा नाही. निघालाच, तर वहीत यांचंही एक पान कर.